निसरड्या धावपट्टीचा हिशेब

उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २४० ते २६० किलोमीटर असतो. बोइंग ७३७-८०० जातीचे भरलेले विमान उतरताना ६५ टनांपर्यंत भरते. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारातून धान लादून निघालेला १६ टनी ट्रक ताशी ६० किलोमीटरने चालला आहे असे धरले, तर अशा ७० ट्रकांत मिळून जेवढी गतिज ऊर्जा असेल तेवढी या एका विमानात असते. ती सारी दीड-दोन किलोमीटरांच्या आत जिरवायची असते.

त्यासाठी वैमानिकाच्या हाती तीन साधने असतात. विमान टेकताच पंखांवरच्या स्पॉयलर नावाच्या फळ्या उभ्या राहतात. त्या हवेला अडवतात हे खरेच, पण त्यांचे मोठे काम वेगळे आहे. त्या पंखांची उचल मोडतात आणि विमानाचा भार चाकांवर आणून टाकतात. दुसरे साधन रिव्हर्सर. इंजिनातून मागे जाणारा झोत तो पुढच्या बाजूला वळवतो. उतरल्यावर केबिनमध्ये ऐकू येणारी गर्जना त्याचीच. तिसरे आणि सर्वांत जोरकस साधन म्हणजे चाकांचे ब्रेक. मात्र ब्रेक फक्त चाकाला धरतात. विमानाला धरते ती जमीन, आणि तीही टायर व धावपट्टी यांच्यात घर्षण असेल तेवढीच.

हे घर्षण किती बदलते ते ढोबळ आकड्यांत पाहता येते. रिव्हर्सर आणि हवेचा विरोध बाजूला ठेवून, २५० किलोमीटर वेगाचे विमान केवळ चाकांच्या ब्रेकवर थांबवायचे आहे असे समजू. कोरड्या धावपट्टीवर घर्षणाचा उपयोगी गुणांक ०.४ धरला तर सहाशे-सव्वासहाशे मीटर पुरतात. बर्फावर हाच गुणांक ०.०५ पर्यंत घसरतो आणि अंतर पाच किलोमीटरच्या घरात जाते. नागपूरच्या विमानतळाची धावपट्टी ३२०० मीटरची आहे आणि मुंबईची मुख्य धावपट्टीही साडेतीन किलोमीटरच्या आतच आहे. बर्फावर उतरणारे विमान थांबते ते रिव्हर्सर आणि हवा यांच्या मदतीने, आणि ती मदत वेळेवर मिळाली तरच.

भंडारा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो गारपिटीपुरता. हिवाळ्यात पूर्व विदर्भात पारा बराच उतरतो, नागपूरने २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश पाहिले आहे, पण धावपट्टी गोठावी एवढी थंडी इकडे पडत नाही. इथल्या हिवाळी उड्डाणांना आडवे येते ते धुके. निसरडेपणा मात्र जिल्ह्याला अनोळखी नाही. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, मामा (माजी मालगुजारी) तलाव, पाण्याने भरलेल्या बांध्या असा हा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखलाचे पट्टे ओढत जातो आणि त्यावर दुचाकी कशी सुटते ते साकोली-लाखनीकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. जिल्ह्याला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही. इथले प्रवासी नागपूरला जातात किंवा गोंदियाजवळच्या बिरसीला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधलेली ही बिरसीची धावपट्टी १ मे १९९९ पर्यंत, म्हणजे गोंदिया वेगळा होईपर्यंत, भंडारा जिल्ह्यातच होती. तिथून निघालेला प्रवासी पुढे विमान बदलून श्रीनगरला, शिकागोला किंवा न्यू जर्सीतल्या लेकीकडे जातो, आणि जुलैत पाण्यावर उतरलेला माणूस जानेवारीत बर्फावर उतरू शकतो. पाणी आणि बर्फ टायरखाली जे करतात त्यात फरक आहे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही.

पाण्याचे आधी. टायर फिरताना आपल्यासमोरचे पाणी बाजूला सारत असतो. वेग वाढत गेला की एक क्षण असा येतो की पाण्याला बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ते टायरखाली पाचरीसारखे घुसते, टायर उचलला जातो आणि पाण्यावर तरंगत पळू लागतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून यासाठी एक सोपे सूत्र निघाले: टायरमधल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ९ ने गुणायचे. दाब पीएसआयमध्ये घेतला की उत्तर नॉटमध्ये मिळते. मोठ्या प्रवासी विमानाच्या टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास हवा असते. वर्गमूळ चौदा, गुणाकार १२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २३५ किलोमीटर. विमान टेकते ते याहून अधिक वेगाने. हेच सूत्र मोटारीच्या ३३ पीएसआयच्या टायरला लावले की ताशी ९५ किलोमीटर येतात. भंडाऱ्याहून नागपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून पावसात शंभरीने गाडी हाणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

विमानाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हवेत असताना चाके स्थिर असतात. जमिनीला लागली की ती फिरू लागतात. साचलेल्या पाण्यावर टेकलेले चाक फिरायला लागेपर्यंत वेग आणखी खाली, ताशी सुमारे २०० किलोमीटरपर्यंत यावा लागतो, कारण न फिरणाऱ्या चाकासाठी सूत्रातला ९ चा आकडा ७.७ होतो. चाक फिरत नसेल तर ब्रेक कशाला धरणार?

पाणी खोल असायला हवे असेही नाही. धावपट्टीच्या ज्या भागात विमाने टेकतात तिथे प्रत्येक टायर आपले थोडे रबर सोडून जातो. महिनोन्‌महिने साचलेला हा काळा थर गुळगुळीत होतो आणि त्यावर पाण्याचा पातळसा पापुद्राही तेल सांडल्यासारखे काम करतो. पहिल्या पावसाच्या दिवशी रस्त्यावर धूळ आणि ऑइल यांचा लेप होऊन दुचाक्या घसरतात, तसलाच हा प्रकार. तिसरा प्रकार दुर्मीळ, पण चमत्कारिक आहे. ओल्या धावपट्टीवर चाक अडकून घसरत राहिले तर घर्षणाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, रबर वितळून मूळच्या चिकट स्थितीत जाते आणि विमान वाफेच्या उशीवर सरकते. अशा अपघातानंतर धावपट्टीवर काळ्याऐवजी पांढरे, जणू धुऊन काढलेले पट्टे सापडतात.

बर्फाची गंमत अशी की कडाक्याच्या थंडीतला बर्फ त्यामानाने बरा असतो. उणे १५ अंशांच्या खाली दाबून घट्ट झालेल्या हिमावर टायरला बऱ्यापैकी पकड मिळते. पारा शून्याकडे सरकला की बर्फाचा वरचा थर ओलसर होतो आणि पकड झपाट्याने जाते. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे ओला बर्फ: खाली काचेसारखा कठीण थर आणि त्यावर पाण्याची पातळ चादर. त्यामुळे थंडीच्या देशांत विमानतळ चालवणाऱ्यांची झोप उडते ती उणे वीस अंशांच्या रात्रीने नव्हे. दुपारी बर्फ वितळतो आणि संध्याकाळी पुन्हा गोठतो, अशा दिवसाची त्यांना जास्त धास्ती असते.

अर्धवट वितळलेल्या हिमाचा जो रबरबीत काला होतो, त्याला स्लश म्हणतात. बर्फगोळ्याच्या गाडीखाली सांडलेला चुरा डोळ्यांसमोर आणावा. हा काला उतरणाऱ्या विमानाला त्रासदायक असतोच, पण उड्डाण करणाऱ्याचा तो अधिक मोठा वैरी आहे. तो चाकांना मागे खेचतो आणि विमानाचा वेगच वाढू देत नाही. ही गोष्ट विमानविद्येला फार महागात शिकावी लागली. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकहून मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉलपटूंना घेऊन निघालेल्या ब्रिटिश युरोपियन एअरवेजच्या विमानाने इंजिनाच्या कुरबुरीमुळे दोन वेळा उड्डाण सोडून दिले होते. तिसऱ्या खेपेला वेग ११७ नॉटपर्यंत गेला आणि तिथून वाढण्याऐवजी १०५ पर्यंत घसरला. धावपट्टीच्या शेवटच्या टप्प्यावर, जिथे इतर विमानांची चाके फारशी फिरली नव्हती, तिथे स्लश तसाच साचलेला होता. विमान कुंपण तोडून घरावर आदळले आणि २३ जण गेले. जर्मन चौकशीने पंखांवरच्या बर्फाकडे बोट दाखवले आणि दोष कॅप्टन जेम्स थेन यांच्या माथी मारला. स्लशमुळे किती ओढ लागते याचे प्रयोग पुढे झाले आणि १९६९ मध्ये थेन निर्दोष ठरले. तोवर अकरा वर्षे उलटून गेली होती.

प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक एक वेग ठरवून घेतात. त्या वेगाच्या आत काही बिघडले तर थांबायचे, तो ओलांडला की काहीही झाले तरी उडायचे. निसरड्या धावपट्टीवर हा हिशेब दोन्ही बाजूंनी आखडतो. थांबायला जास्त जागा लागते म्हणून निर्णयाचा वेग खाली आणावा लागतो. स्लशमुळे उडायलाही जास्त जागा लागते. म्हणून काही वेळा प्रवासी किंवा सामान उतरवून विमान हलके करतात, आणि आपली बॅग मागे का राहिली याचा उलगडा प्रवाशाला होत नाही.

हिवाळ्यातला दुसरा धोका धावपट्टीवर नसून पंखांवर असतो. पंखाचा वरचा पृष्ठभाग किंचित खरखरीत झाला तरी त्याची उचल घटते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षावात उडालेले एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ पंखांवर हिम घेऊनच निघाले होते. त्यात इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद राहिली, दाब मोजणाऱ्या नळीत बर्फ अडकला आणि इंजिनांची ताकद प्रत्यक्षाहून जास्त दिसू लागली. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडले. पुलावरच्या चौघांसह ७८ जणांचा जीव गेला. आता अशा हवामानात निघण्याआधी विमानावर ग्लायकोलचे गरम द्रावण फवारतात. आधी बर्फ काढणारे, मग नवा बर्फ धरू न देणारे घट्ट द्रावण. त्याचा असर मिनिटांत मोजला जातो आणि रांगेत वेळ गेला तर विमानाला परत फवारणीला जावे लागते. धावपट्टीवर मात्र रस्त्यांवर टाकतात तसे मीठ टाकत नाहीत, कारण मिठाने विमानाचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तिथे पोटॅशियम ॲसिटेटसारखी रसायने वापरतात.

निसरड्या धावपट्टीवर एकटा निसरडेपणा क्वचितच विमान पाडतो. कोरड्या दिवशी खपून गेल्या असत्या अशा दोन-तीन बारीकसारीक चुकांची उधारी तो एकदम वसूल करतो. शिकागोच्या मिडवे विमानतळावर ८ डिसेंबर २००५ रोजी हेच झाले. धावपट्टी साडेसहा हजार फुटांची, म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. हिमवर्षाव चालू, वारा मागून आणि ब्रेकबद्दल आधीच्या वैमानिकांनी दिलेले निरोप संमिश्र. साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ टेकले, पण रिव्हर्सर चालू व्हायला १८ सेकंद लागले. वैमानिक त्या वेळी स्वयंचलित ब्रेक पहिल्यांदाच वापरत होते आणि त्यांचे लक्ष तिकडे गुंतले होते. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीवर चढले. मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा दगावला.

रिव्हर्सर वेळेवर, पण प्रमाणाबाहेर लावला तरी घोटाळा होतो. ५ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर बर्फाळलेल्या धावपट्टीवर उतरलेले डेल्टा कंपनीचे एमडी-८८ डावीकडे भरकटले आणि खाडीकाठच्या बांधावर जाऊन अडकले. त्या विमानाची इंजिने शेपटीजवळ असतात. उलट्या झोताचा जोर वाढला की शेपटीच्या सुकाणूवरून वाहणारी हवा तुटते. चाकांना पकड नाही, सुकाणूला हवा नाही, मग विमानाला दिशा देणार कोण? आडवा वारा असेल तर ही अडचण दुणावते. शेपटीचा उभा पंख शिडासारखा वारा धरतो आणि विमान वाऱ्याच्या बाजूला तोंड फिरवू पाहते.

मिडवेच्या अपघातानंतर धावपट्टीची अवस्था सांगण्याच्या पद्धतीवरच फेरविचार सुरू झाला. तोवर ब्रेक ‘चांगले’, ‘मध्यम’, ‘वाईट’ अशा शब्दांत सांगितले जात आणि प्रत्येकाचे ‘मध्यम’ वेगळे असे. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची एकच पद्धत जगभर लागू आहे. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला ६ ते ० पर्यंत अंक द्यायचा. कोरडी असेल तर ६, तीन मिलिमीटरपर्यंत ओली असेल तर ५, बर्फ असेल तर १, ओला बर्फ असेल तर ०. आणि शून्य असेल तर तिथे उतरायचेच नाही. या तक्त्यात भारतीय वाचकाने पाहावी अशी ओळ मधली आहे. तीन मिलिमीटरहून जास्त साचलेल्या पाण्याला तिथे २ हा अंक आहे, स्लशला आहे तोच, आणि बर्फाहून फक्त एका पायरीने वर. मुंबईचा जुलै आणि शिकागोचा डिसेंबर यांच्यातले अंतर एवढेच.

मुंबईने त्याची प्रचीती वारंवार घेतली आहे. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ मुख्य धावपट्टीच्या पलीकडे जाऊन चिखलात रुतले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. प्रवासी सुखरूप उतरले, पण रुतलेले विमान निघेपर्यंत मुख्य धावपट्टी अनेक दिवस बंद राहिली आणि साऱ्या देशाचे वेळापत्रक कोलमडले. सप्टेंबर २०१७ मध्ये वाराणसीहून आलेले विमान याच धावपट्टीवरून चिखलात गेले होते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात एक छोटे लिअरजेट बाजूला भरकटून मोडले. २१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान धावपट्टी सोडून गेले. कुणाचा जीव गेला नाही, यात धावपट्टीच्या कडेला सपाट जमीन होती याचा वाटा मोठा आहे.

कोझिकोडला तशी जमीन नव्हती. तिथली धावपट्टी डोंगरमाथा कापून केलेली आहे आणि तिच्या टोकाला दरी आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोविडकाळात दुबईहून प्रवाशांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७-८०० तिथे उतरले. त्याचे कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले अनुभवी वैमानिक होते. त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता आणि पहिल्या प्रयत्नातच कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात विमान उलट्या बाजूने आणि मागून वारा घेऊन आले. २७०० मीटरच्या धावपट्टीवर ते टेकले तेव्हा सुमारे १३५० मीटर मागे पडले होते. चौकशी अहवालाने उतरण्याची पद्धत पाळली गेली नाही, सहवैमानिकाने परत वर जाण्याची सूचना करूनही विमान उतरवले गेले, असा निष्कर्ष काढला. विमान दरीत कोसळून त्याचे तीन तुकडे झाले आणि १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. इथे बर्फाचा कणही नव्हता. मागून वारा, लांबलेले टेकणे आणि ओली जमीन ही तीच उधारी होती.

उपाय दोन जागी केले जातात, जमिनीवर आणि विमानात. धावपट्टीला मध्यभागी किंचित उंचवटा देतात, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जाते. तिच्यावर आडव्या खाचा पाडतात, त्यामुळे टायरखालच्या पाण्याला पळायला वाट मिळते. साचलेले रबर जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने खरवडून काढतात. टोकाला सुरक्षा क्षेत्र राखतात; किमान ९० मीटरचे बंधनकारक आणि २४० मीटरचे असावे अशी शिफारस. जिथे तेवढी जागा नाही तिथे अमेरिकेत ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे पसरतात. विमान त्यात खचत जाते आणि बांधीत उतरलेल्या बैलगाडीसारखे रुतून थांबते. काश्मीर आणि लडाखमध्ये हिम हटवणारी यंत्रे उभी असतात आणि ती फिरेपर्यंत उड्डाणे खोळंबतात. लेहची गोष्ट आणखी अवघड. ३२५६ मीटर उंचीवरच्या विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला विमानाला पंधरा ते वीस टक्के जास्त वेग लागतो. थांबायचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने बर्फ नसतानाही तिथली धावपट्टी तोकडी वाटते.

बिरसीच्या सुमारे २३०० मीटरच्या धावपट्टीवर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी छोट्या विमानांवर उतरण्याचे धडे गिरवतात. त्यांच्या विमानांचे टायर मोटारीसारखे मऊ असतात, म्हणून पाण्यावर तरंगण्याचा वेगही मोटारीएवढाच. पुढे मोठ्या विमानावर गेलेल्यांना ओल्या धावपट्टीसाठी वेगळे वळण लावून घ्यावे लागते. मऊ, अलगद उतरण्याचा मोह सोडायचा. ठरलेल्या जागीच आणि थोडे जोरात टेकायचे, म्हणजे टायर पाण्याचा थर फोडून खाली भिडतो, चाक फिरते आणि स्पॉयलर उभे राहतात. जागा चुकली किंवा वेग जास्त राहिला तर परत वर जायचे. पावसात नागपूरला उतरताना बसलेल्या दणक्याबद्दल कुरकुरणारे प्रवासी असतात. तो दणका बहुधा मुद्दाम दिलेला असतो.

विमान थांबल्यावरही काम संपत नाही. धावपट्टीवरून बाजूच्या टॅक्सीमार्गावर वळताना पुढचे छोटे चाक बर्फावर सहज घसरते, कारण विमानाचा बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो आणि त्या मार्गावरचा बर्फ बऱ्याचदा सर्वांत शेवटी हटवला जातो. म्हणून तिथे माणसाच्या धावण्याएवढ्याच वेगाने वळतात, आणि चाक पकड घेत नसेल तर कॅप्टन तिथेच थांबून ओढगाडी मागवतो.